गाडीच्या आतली माणसे, गाडीबाहेरची माणसे

वांद्र्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. मागे एकदा आठवीच्या वर्गाला 'रस्ता सुरक्षा' या विषयावर निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत हेल्मेट, सीट बेल्ट आणि सिग्नल एवढेच होते. एका मुलीने मात्र वही देताना विचारले, "सर, माझ्या अब्बूंच्या रिक्षात बेल्टच नाही. मग 'बेल्ट लावावा' हे मी कुणासाठी लिहू?"

वांद्रे म्हणजे रिक्षाची सरहद्द. माहीमच्या खाडीपलीकडे, मुंबई शहरात, रिक्षाला परवानगी नाही. म्हणून स्टेशनबाहेर रिक्षांची रांग आणि तिला खेटून जाणाऱ्या महागड्या गाड्या हे दृश्य आमची मुले रोज पाहतात. एका गाडीत बेल्ट आणि एअरबॅग, दुसरीत उजव्या बाजूला लावलेली एक लोखंडी दांडी. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी या साधनांचा इतिहास वाचू लागलो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मोटारीतली सुरक्षा आतून बाहेर सरकत आली आहे, आणि बाहेरच्या माणसापर्यंत ती सर्वांत शेवटी पोहोचली.

खरे तर इतिहासाची सुरुवात बाहेरच्याच माणसापासून होते. मोटारीच्या धडकेने पादचारी दगावल्याची ब्रिटनमधली पहिली नोंद ऑगस्ट १८९६ची, लंडनमधली आहे. मरण पावलेली बाई पायी चालली होती. पण पुढची कित्येक दशके 'सुरक्षित गाडी' याचा अर्थ आत बसलेल्यांना वाचवणारी गाडी असाच राहिला.

आज आपण वापरतो तो तीन टोकांचा सीट बेल्ट १९५९ साली आला. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांनी तो तयार केला. त्याआधी ते विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करत. पूर्वीचा बेल्ट फक्त कमरेला असे. धडकेत त्याचा सगळा भार पोटावर येई आणि छाती-डोके पुढे आपटत असे. बोलिन यांनी एकच पट्टा खांद्यावरून आणि कमरेवरून असा नेला की भार छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडावर पडावा. शिवाय तो एका हाताने लावता येतो. कंपनीने या शोधाचे पेटंट इतर सर्वांना वापरू दिले.

आपल्याकडे पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचा झाला मार्च १९९४पासून, म्हणजे पस्तीस वर्षांनी. मागच्या सीटचा नियम २००२चा. तो बराच काळ कागदावरच होता. मग २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी एका मॉडेलची दोन एअरबॅग असलेली गाडी पुन्हा आदळवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. तंत्रज्ञान होते, पण स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकाला ते दिले जात नव्हते.

त्यानंतर नियम भराभर आले. जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग, बेल्टची आठवण करून देणारी घंटी, वेगाचा इशारा आणि मागे घेताना वाजणारा सेन्सर सक्तीचे झाले. २०२१-२२मध्ये शेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. क्रम पाहा: आधी चालक, मग त्याच्या शेजारचा. यातला बाहेरच्या माणसाच्या कामाचा सेन्सर तेवढा एकच, मागे खेळणाऱ्या मुलासाठी.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलीस तपासात पुढे आले. मग १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरचा बेल्टही तपासायचे ठरवले. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार त्या २०२२ सालात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जण मरण पावले. त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे निम्मे. तरीही घंटी बंद करण्यासाठी बेल्टच्या खाचेत अडकवायच्या क्लिप ऑनलाइन विकल्या जात होत्या. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या हटवण्याचे आदेश काढावे लागले.

आता गाडीबाहेर येऊ. त्याच २०२२ सालात देशात ३२,८२५ पादचारी मरण पावले. बेल्टअभावी गेलेल्यांच्या ही संख्या जवळपास दुप्पट आहे.

पादचाऱ्याला वाचवणारी गाडी कशी असते? धडकेत बंपर गुडघ्याला लागतो आणि माणूस बॉनेटवर आदळतो. बॉनेटखाली लगेच इंजिनाचे लोखंड असेल तर डोके फुटते. मध्ये मोकळी जागा असेल आणि पत्रा दबणारा असेल तर वाचायची शक्यता वाढते. यासाठीचे भारतीय मानक एआयएस-१००, नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१८पासून आणि जुन्या मॉडेलना ऑक्टोबर २०२०पासून लागू झाले. त्यात कृत्रिम डोके बॉनेटवर आणि कृत्रिम पाय बंपरवर आदळवून पाहतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. आणि लोक काय करतात? बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवून घेतात. तो पादचाऱ्याची हाडे मोडतो आणि गाडीच्या एअरबॅगच्या सेन्सरलाही चकवू शकतो. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले. वांद्र्याच्या रस्त्यावर ते गार्ड अजून दिसतात.

या चाचण्यांत वेग असतो ताशी ३५ ते ४० किलोमीटर, आणि माणूस उभा आहे असे धरलेले असते. इथे मला वांद्र्याच्या दोन रात्री आठवतात. २८ सप्टेंबर २००२ रोजी हिल रोडजवळ अमेरिकन एक्सप्रेस बेकरीपाशी एक मोठी गाडी फूटपाथवर चढली. तिथे झोपलेल्या बेकरी कामगारांपैकी एक मरण पावला, चौघे जखमी झाले. खटला एका प्रसिद्ध अभिनेत्यावर चालला. मे २०१५मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. दुसरी रात्र १२ नोव्हेंबर २००६ची, कार्टर रोडवरची. रस्त्याचे काम करणारे मजूर फूटपाथवर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाची तीन वर्षांची शिक्षा जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

दोन्ही ठिकाणी चर्चा कोण चालवत होता, प्यायला होता का, याचीच झाली. ती व्हायलाच हवी होती. पण जमिनीवर झोपलेला माणूस बंपरच्याही खाली असतो. त्याला वाचवेल असे बॉनेट कुठल्याच कारखान्यात बनत नाही. त्याला वाचवणाऱ्या गोष्टी गाडीबाहेरच्या आहेत: कमी वेग, मजबूत कठडा, आणि मजुराला रात्री फूटपाथवर झोपावे लागणार नाही अशी खोली.

ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे गाड्यांना तारे देणारी भारत एनकॅप योजना सुरू झाली. गाडी घेताना ते जरूर पाहा. फक्त हे लक्षात ठेवा की ते तारे आत बसलेल्या मोठ्यांसाठी आणि आत बसलेल्या मुलांसाठी आहेत. बाजार रोडवर चालणाऱ्या मुलासाठी वेगळा तारा नाही. तो चालकाच्या पायाखालच्या ब्रेकवर अवलंबून आहे.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "तुझ्या अब्बूंच्या रिक्षासाठी तूच नियम लिही." दुसऱ्या दिवशी वहीत ओळ होती: "रिक्षा हळू चालवावी, कारण तिच्यात बेल्ट नाही आणि रस्त्यावरच्या माणसालाही नाही."