ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे कपलर

जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली एखादे कपलर कशालाही न जोडलेले सापडले, तर ते कशाचे हे ओळखण्यासाठी गिअरबॉक्सचे वय माहीत असावे लागते. गिअर बदलण्याचे काम तेलाकडून विजेकडे हळूहळू गेले आणि त्याबरोबर कपलरमधल्या पिना वाढल्या.

आरंभी गिअर बदलण्यात विजेचा संबंधच नव्हता. जनरल मोटर्सने 1939 मध्ये ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी जाहीर केलेला हायड्रा-मॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यात सारे निर्णय तेलाचा दाब आणि झडपा घेत.

वीज आली ती सुरक्षेसाठी. क्लच नसलेली गाडी गिअरमध्ये असताना सुरू केली तर ती एकदम पुढे झेपावते. म्हणून पार्क किंवा न्यूट्रल असतानाच स्टार्टरला वीज मिळू देणारा स्विच बसवला गेला. अमेरिकेत तो न्यूट्रल सेफ्टी स्विच, तर ब्रिटनमध्ये इनहिबिटर स्विच. 1960 च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत असलेल्या बोर्ग-वॉर्नर मॉडेल 35 वर या स्विचला चार टर्मिनल असत: दोन स्टार्टरची, दोन रिव्हर्सच्या दिव्याची. ब्रिटिश रंगपद्धतीत स्टार्टरची वायर पांढरी, तिच्यावर लाल रेघ; रिव्हर्सच्या दिव्याची हिरवी, तिच्यावर तपकिरी रेघ. हे रंग दिसले की प्रश्न बहुतेक सुटतो.

1964 मध्ये आलेल्या टर्बो-हायड्रामॅटिक 400 मध्ये वीज गिअरबॉक्सच्या पोटात शिरली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडावा यासाठी त्यात सोलेनॉइड होते, आणि त्याची एकच पिन डाव्या बाजूला बाहेर येई. 1965 ते 1967 या काळात बुइक, ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅकच्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या पात्यांचा कोनही विजेने बदलत असे. तिथे पिना दोन. जुना गिअरबॉक्स विकत घेणारे जाणकार आजही ही दुसरी पिन आधी पाहतात. त्याच घराण्यातल्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 मध्ये मात्र खालचा गिअर पाडण्याचे काम केबल करी, त्यामुळे गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत 400 ची वायर रिकामी लोंबत राहते.

1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि टॉर्क कन्व्हर्टरमधली घसरण परवडेनाशी झाली. ती थांबवणारा लॉक-अप क्लच रूढ झाला. 1982 च्या मॉडेलांपासून आलेल्या 700-आर4 च्या चार खाचांच्या कपलरचे मुख्य काम हेच. ‘ए’ खाचेत ब्रेकच्या स्विचमधून 12 व्होल्ट येतात, म्हणून ब्रेक दाबताच क्लच सुटतो. ‘डी’ खाचेतून संगणक अर्थिंग देतो. उरलेल्या दोन खाचांचा वापर गाडीगणिक वेगळा.

1993 मध्ये याच गिअरबॉक्सची 4एल60-ई ही आवृत्ती आली. गिअर बदलणेही आता संगणकाच्या हाती गेले आणि 20 खाचांचे गोल कपलर बसले. त्यातल्या काही खाचा कारखान्यातूनच रिकाम्या येतात. त्या पाहून वायर तुटली असे समजू नये.

रिकाम्या कपलरचे आणखी एक साधे कारण आहे. कारखान्यात एकच वायरिंग अनेक मॉडेलांना पुरवले जाते, त्यामुळे गाडीत नसलेल्या सोयीचे कपलरही त्यात राहते. टेपने नीट गुंडाळलेले कपलर बहुधा याच जातीचे.

स्विच आणि एका पिनेचे सोलेनॉइड यांच्या काळातल्या गाडीवर टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. इग्निशन चालू करून, मग गिअरचा दांडा एकेका जागी नेऊन कुठे दिवा लागतो ते पाहावे. संगणकाला जोडलेल्या वायरवर मात्र टेस्ट लॅम्प लावू नये; तो ओढतो तेवढ्या करंटनेही संगणकाचे सर्किट जळू शकते. तिथे डिजिटल मल्टिमीटर आणि त्याच वर्षाच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा घेऊनच काम करावे.