नवशिक्यांचे परीक्षक

नुकताच लिहूं लागलेला मनुष्य आपलें लिखाण प्रथम कोणापुढें ठेवतो, यावर त्याची पुढची वाटचाल पुष्कळ अंशीं अवलंबून असते. थोर ग्रंथकारांकडे जावें तर त्यांस सवड नसते. घरच्या माणसांस वाचून दाखवावें तर ममतेपुढें त्यांस दोष दिसत नाहींत. आणि थेट लोकांपुढें यावें, तर लोकांस आवडलें कीं नाहीं एवढेंच कळतें, कोठें चुकलें तें कळत नाहीं. म्हणून आपल्यासारख्याच चार होतकरूंनीं एकत्र जमावें आणि एकमेकांचें लिखाण तपासावें, हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या नव्यानें सुचत आला आहे. आज तर छापखान्याचें व संपादकाचें साह्य न घेतांही कोणालाही आपलें लिखाण क्षणांत जगापुढें मांडतां येतें; त्यामुळें होतकरू लेखकांची संख्या वाढली आहे आणि त्यांची परीक्षकाची गरजही वाढली आहे. परंतु या मार्गाविषयीं एक शंका जुनीच आहे. ज्याला स्वतःला नीट लिहितां येत नाहीं, तो दुसऱ्याला काय शिकवणार? आंधळ्यानें आंधळ्याचा हात धरून नदी उतरावी, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय?

या शंकेचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाला विचारलेलें बरें. अमेरिकेंतील मुद्रक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिन यानें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच्या लेखनाच्या उमेदवारीचा जो वृत्तांत दिला आहे, तो या बाबतींत फार बोलका आहे.

फ्रँक्लिनचा जन्म बोस्टन शहरीं १७०६ सालीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करणारा. शाळा जेमतेम दोन वर्षें झालेली. बाराव्या वर्षीं तो आपल्या वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून लागला. कॉलिन्स नांवाचा त्याच्यासारखाच वाचनवेडा मुलगा त्याचा मित्र होता. स्त्रियांना विद्या देणें योग्य काय, आणि ती ग्रहण करण्याची शक्ति त्यांच्या ठायीं आहे काय, या विषयावर दोघांचा वाद जुंपला. कॉलिन्स प्रतिकूल बाजू मांडी, फ्रँक्लिन अनुकूल. प्रत्यक्ष भेट होईना, तेव्हां वाद पत्रांतून चालला. दोघांचीं मिळून बरींच पत्रें झाल्यावर तीं एके दिवशीं बापाच्या हातीं पडलीं. कोणाचें मत खरें, याविषयीं बापानें चकार शब्द काढला नाहीं. त्यानें मुलाला एवढेंच सांगितलें कीं, शुद्धलेखन व विरामचिन्हें यांत तूं सरस आहेस (हा छापखान्याचा गुण), पण भाषेचा डौल, मांडणी आणि अर्थाची स्पष्टता यांत तुझा मित्र तुझ्याहून पुढें आहे. आणि हें त्यानें पत्रांतील जागा दाखवून पटवून दिलें.

या टीकेंत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक, मत आणि तें मांडण्याची रीति यांची तिनें गल्लत केली नाहीं. दुसरी, दोष मोघम न सांगतां ती त्या त्या ओळीवर बोट ठेवून बोलली. फ्रँक्लिन तेव्हांपासून लिहिण्याकडे अधिक लक्ष देऊं लागला. ॲडिसन व स्टील यांच्या ‘स्पेक्टेटर’ या पत्राचा एक सुटा खंड त्याला मिळाला होता. त्यांतील निबंधांचे मुद्दे थोडक्यांत टिपून ठेवावे, कांहीं दिवस जाऊं द्यावे, मग त्या टिपणांवरून निबंध पुन्हां आपल्या शब्दांत लिहावा, आणि मूळाशीं ताडून आपल्या चुका सुधाराव्या, असा अभ्यास त्यानें चालविला. बापाची टीका फळली ती या मेहनतीमुळें.

पुढें १७२१ सालीं भावानें एक वृत्तपत्र काढलें. त्याचे लेखक-मित्र छापखान्यांत येत, आणि कोणता लेख कसा उतरला याची चर्चा करीत. तें ऐकून सोळा वर्षांच्या फ्रँक्लिनलाही लिहिण्याची हुरूप आली. पण आपलें नांव कळलें तर भाऊ लेख छापणार नाहीं, ही त्याला खात्री होती. म्हणून त्यानें अक्षर बदलून, एका विधवा बाईच्या नांवानें लेख लिहिला आणि रात्रीं छापखान्याच्या दाराखालून आंत सरकवला. दुसऱ्या दिवशीं मंडळींनीं तो त्याच्या देखत वाचला, वाखाणला, आणि लेखक कोण असावा याचे तर्क करतांना गांवांतील विद्वानांचींच नांवें घेतलीं. अशीं चौदा पत्रें १७२२ सालीं छापून आलीं. म्हातारपणीं ही हकीकत सांगतांना फ्रँक्लिन म्हणतो कीं, परीक्षक भेटले हें आपलें भाग्य. पण त्या वेळीं आपल्याला वाटले तितके ते मोठे परीक्षक बहुधा नसावेत. म्हणजे परीक्षक सामान्य असले तरी त्यांचा निकाल निर्मळ होता, कारण लेख कोणाचा हें त्यांना ठाऊक नव्हतें. नांव ठाऊक असलें म्हणजे काय होतें, हें दोनच वर्षांनीं दिसून आलें.

भावाशीं पटेना म्हणून १७२३ सालीं फ्रँक्लिन बोस्टनहून पळून फिलाडेल्फियास गेला. तेथें त्याला तीन वाचनप्रिय मित्र मिळाले: ऑस्बॉर्न, वॉट्सन आणि राल्फ. तिघेही कारकुनी करणारे. रविवारीं चौघे स्कूलकिल नदीकांठच्या रानांत फिरावयास जात, आणि वाचलेल्या ग्रंथांवर बोलत. राल्फला कवि होण्याचा ध्यास होता. ऑस्बॉर्न त्याला ‘हा तुझा प्रांत नव्हे’ असें बजावी. अखेर ठरलें कीं, पुढच्या बैठकीस प्रत्येकानें एक कविता करून आणावी आणि परस्परांच्या टीकेनें भाषा सुधारावी. कल्पनेची चढाओढ नको, म्हणून बायबलांतील अठराव्या स्तोत्राचें पद्यरूपांतर हाच विषय सर्वांस नेमून दिला.

बैठकीपूर्वीं राल्फ आपली कविता घेऊन फ्रँक्लिनकडे आला. फ्रँक्लिनला ती फार आवडली. त्यावर राल्फ म्हणाला कीं, माझ्या नांवावर असली तर ऑस्बॉर्न मत्सरानें तिच्यांत हजार खोडी काढील. तुझा त्याला तितकासा हेवा नाहीं. तेव्हां ही तूंच आपली म्हणून वाच. फ्रँक्लिननें ती आपल्या अक्षरांत उतरून घेतली. बैठक भरली. वॉट्सनची कविता झाली, ऑस्बॉर्नची झाली. राल्फनें कांहींच आणलें नव्हतें. फ्रँक्लिननें सवड झाली नाहीं म्हणून आढेवेढे घेतल्यासारखें केलें आणि मग ती वाचली. ऑस्बॉर्न व वॉट्सन यांनीं हार मानून तिची वाहवा केली. राल्फनें मुद्दाम एकदोन दोष दाखवले, तेव्हां ऑस्बॉर्न त्याच्यावरच उलटला कीं, जसा तूं कवि तसाच टीकाकार! घरीं परततांनाही त्याचें तेंच चाललें होतें: बोलतांना ज्याला शब्द सांपडत नाहींत, तो फ्रँक्लिन लिहितो मात्र काय सुंदर! पुढच्या बैठकींत सगळा डाव उघडा झाला आणि ऑस्बॉर्नची थोडी थट्टा झाली.

गोष्ट हंसण्यासारखी आहे, पण हंसून सोडून देण्यासारखी नाहीं. ऑस्बॉर्नला कविता कळत नव्हती असें नाहीं. समोर आली ती त्याला चांगलीच वाटली. पण राल्फचें लिखाण हातीं आलें म्हणजे तो कविता न वाचतां राल्फला वाचीत असे. आणि या थट्टेचा शेवटही गोड झाला नाहीं. या विजयानें राल्फच्या मनांत आपण कविच, हें पक्कें बसलें. तो फ्रँक्लिनबरोबर लंडनला गेला व पद्यें रचीत राहिला. पोपनें ‘डन्सियाड’ या उपहासकाव्यांत त्याची फजिती केली तेव्हां कोठें त्याचें वेड ओसरलें. पुढें तो गद्याचा चांगला लेखक झाला. मत्सराच्या निंदेनें त्याचें जें नुकसान झालें नव्हतें, तें चुकीच्या वेळच्या स्तुतीनें केलें. मित्रांच्या बैठकीला हे दोन्ही रोग जडतात.

फ्रँक्लिन यांतून काय शिकला हें त्यानें शब्दांत सांगितलेलें नाहीं. पण १७२७ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें फिलाडेल्फियांत जी ‘जंटो’ नांवाची मंडळी स्थापिली, तिचे नियम वाचले म्हणजे या रोगांवरचें औषधच आपण वाचीत आहों असें वाटतें. सभासदांत छापखान्यांतील कामगार होते, दस्तऐवजांच्या नकला करणारा होता, जमीन मोजणारा होता, सुतार होता, चांभारकाम शिकलेला एक होता, आणि एक श्रीमंत तरुणही होता. दर शुक्रवारीं संध्याकाळीं ते जमत. प्रत्येकानें पाळीपाळीनें नीति, राज्यकारभार किंवा सृष्टिशास्त्र यांवर प्रश्न मांडावयाचा. आणि तीन महिन्यांतून एकदां कोणत्याही विषयावर स्वतः निबंध लिहून वाचावयाचा. नुसता टीकाकार म्हणून बसण्याची मुभा कोणालाच नव्हती. जो आज दुसऱ्याचें लिखाण तपासी, त्याची पाळी पुढें ठेवलेलीच असे. त्यामुळें जीभ आपोआप सांभाळून चाले.

चर्चा अध्यक्षाच्या देखरेखीखालीं, जिंकण्यासाठीं नव्हे तर सत्य शोधण्यासाठीं व्हावी, असा दंडक होता. कांहीं काळानें तर ‘हें असेंच आहे’ असें ठासून बोलणें किंवा दुसऱ्याचें म्हणणें तोंडावर खोडून काढणें याला किरकोळ दंडच ठेवला. मंडळींत गॉडफ्रे नांवाचा एक स्वयंशिक्षित गणिती होता. प्रत्येक वाक्यांत त्याला गणिताची काटेकोर अचूकता हवी असे. क्षुल्लक गोष्टींवर अडून तो सगळ्या संभाषणाचा विरस करी. तो लौकरच मंडळी सोडून गेला. त्याची बुद्धि थोर होती, पुढें त्यानें नौकानयनाचें एक उपयुक्त यंत्रही शोधून काढलें. परंतु दोष काढणें आणि सुधारणा सुचविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्याच्या उदाहरणावरून दिसतें.

सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, या मंडळीनें आपलें लिखाण आपल्यापुरतें ठेवलें नाहीं. कागदी चलन असावें कीं नाहीं यावर तेथें वाद झाला, त्यांतून फ्रँक्लिनचें १७२९ सालचें पुस्तक निघालें. सभासदांनीं आपलीं पुस्तकें एकत्र ठेवून पाहिलीं. त्या प्रयोगांतून १७३१ सालीं वर्गणीचें ग्रंथालय उभें राहिलें. आगीच्या अपघातांवर वाचलेल्या निबंधाची परिणति १७३६ सालीं आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांची टोळी स्थापन होण्यांत झाली. ज्या लिखाणावर घर जळणें किंवा वांचणें अवलंबून आहे, त्याची खोटी स्तुति मित्रही करीत नाहीं. जंटो सुमारें चाळीस वर्षें टिकली, ती उगीच नव्हे.

असाच अनुभव पुढें एकशेंवीस वर्षांनीं आपल्या मुंबईस आला. एकीनें दुसरीचें अनुकरण केलें असें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. सारख्या गरजेंतून सारखी रीति निघते, एवढेंच. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनीं १८४८ सालीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रेरणेनें ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. सभासदांनीं निबंध वाचावे आणि इतरांनीं त्यांवर चर्चा करावी, हाच तिचा क्रम. लौकरच देशी भाषांसाठीं तिच्या शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघून तेव्हां अवघीं सोळा वर्षें झालीं होतीं. शास्त्रीय विषय मराठी गद्यांत मांडावयाचा तर बहुतेक सगळेच नवशिके. वाचणारा नवशिका आणि ऐकणाराही नवशिका. तरी याच खटपटींतून १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघालें.

योगायोग असा कीं, या सभेची कसोटीही फ्रँक्लिन व कॉलिन्स यांच्याच विषयावर लागली. बेहरामजी गांधी नांवाच्या तरुण सभासदानें १८४९ सालीं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चेच्या वेळीं पॅटनसाहेबांनीं त्यावर जो अभिप्राय दिला, तो भाषेविषयीं नव्हता आणि युक्तिवादाविषयींही नव्हता. बोलणें झालें, आतां करणार काय, असा त्यांचा सवाल होता. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालींच मुलींची शाळा काढून दाखविली होती. मुंबईंतही हे तरुण कामास लागले. दादाभाई नौरोजी व त्यांचे सोबती घरोघर फिरले. कांहीं बापांनीं त्यांना जिन्यावरून खालीं लोटण्याची धमकी दिली. तरी १८४९ च्या ऑक्टोबरांत मुलींच्या शाळा सुरू झाल्या: चवेचाळीस पारशी आणि चोवीस हिंदु मुली, आणि त्यांना विनावेतन शिकविणारे हेच निबंध वाचणारे सभासद. नाना शंकरशेट यांच्यासारख्या वजनदार पुढाऱ्यानें या कामास हात दिला.

तेव्हां आंधळ्यानें आंधळ्याचा हात धरावा काय, या शंकेचें उत्तर असें दिसतें कीं, नवशिक्याची टीका उपयोगी पडते ती त्याच्या विद्वत्तेमुळें नव्हे, तर बैठकीच्या शिस्तीमुळें. तपासणारानें स्वतःही लिहिलें पाहिजे. लेखकाचें नांव बाजूस ठेवून ओळीवर बोट ठेवलें पाहिजे. आपलें मत नम्रपणें मांडलें पाहिजे. आणि ऐकणारानें घरीं जाऊन तें लिखाण पुन्हां लिहावयास बसलें पाहिजे. एवढें झालें तर सुतार आणि कारकून मिळून चांगला लेखक घडवूं शकतात. एवढें नसलें, तर बैठक म्हणजे परस्परांना नारळ देण्याचा समारंभ होतो, नाहींतर परस्परांचे हेवेदावे फेडण्याचा आखाडा. आणि ज्या मंडळींना पॅटनसाहेबांसारखा अवघड प्रश्न विचारणारा एकजण लाभतो, त्यांचें लिखाण केवळ सुधारत नाहीं. तें कोणाच्या तरी उपयोगीं पडतें.