लव्हाळ्याची माळ

खुरपं जमिनीत जातं आणि अडकतं. माती सारून पाहता, तर तारेसारख्या बारीक, चिवट मुळखोडावर ओवलेल्या काळपट गाठी. हा लव्हाळा. एक गाठ नखानं खरवडून नाकाशी धरता. हा तर दिवाळीच्या पहाटेचा, उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास! तुमचे डोळे मिटतात.

उघडतात तेव्हा पायाखाली नाईलचा ओला गाळ असतो. हे अस्वानजवळचं वादी कुब्बानिया, सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचं. शेती अजून जन्मायची आहे. पुराचं पाणी ओसरलंय आणि माणसं गाळ उकरून याच गाठी गोळा करताहेत. कुणीतरी एक भाजलेली गाठ तुमच्या तळहातावर ठेवतं. चव कडसर, पण पोटाला आधार देणारी. काही गाठी चुलीत करपून राखेत राहतात. त्याच पुढे पुरातत्त्वज्ञांच्या हाती लागणार आहेत.

राखेचा धूर डोळ्यांत जातो. डोळे चोळून पाहता तर समोर स्वीडनमधल्या उप्सालातलं एक टेबल, त्यावर वाळवलेला लव्हाळा. १७५३ साल जवळ आलंय. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसचा ‘स्पीशीज प्लांटारम’ हा ग्रंथ छापून निघायचा आहे. दांडा बोटांत फिरवून बघा: तीन कडा टोचतात. गवताचा दांडा बहुधा गोल, पोकळ आणि पेरांचा; हा भरीव, बिनपेराचा. पानंही तीन रांगांत. तांबूस-जांभळट तुऱ्यातल्या इवल्या फुलाला पाकळ्या नाहीत. पुंकेसर तीन, कुक्षीचे फाटेही तीन. लिनियस तीन पुंकेसर आणि एक कुक्षीवृंत मोजून त्याला आपल्या वर्गीकरणात बसवतो आणि नाव देतो ‘सायपेरस रोटुंडस’. रोटुंडस म्हणजे गोल. इतकी त्रिकोणी वनस्पती, पण नाव मात्र जमिनीखालच्या गोल गाठीवरून! वसतिस्थान म्हणून तो लिहितो: भारत. पुढे १७८९ मध्ये पॅरिसमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू लव्हाळ्याच्या कुळाला गवतांपासून वेगळं मांडतो. आज या सायपेरेसी कुळात सुमारे ५,५०० जाती आहेत.

तुम्ही पुन्हा आपल्या बांधावर येता. एव्हाना लव्हाळा जगभरच्या उष्ण प्रदेशांत, नव्वदहून अधिक देशांत तण म्हणून पसरलाय. त्याचं बी क्वचितच रुजतं. सगळी मदार गाठींवर. माळ अखंड असेल तर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बहुतेक झोपून राहतात. नांगरानं माळ तुटली की त्या एकेक जाग्या होतात.

तुम्ही खुरपं बाजूला ठेवता. ओल्या मातीत बोटं घालून, न तोडता, माळ शेवटच्या गाठीपर्यंत हळूहळू सोडवू लागता. वरच्या तीन कडांच्या दांड्याखाली, एकेक करत, त्या गोल गाठी उजेडात येत जातात.