हक्क कागदावर, किल्ली कुणाकडे? डेबियनच्या इन्स्टॉलेशन इमेजचा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअर म्हटले की आपल्या पोरांकडून दोनच प्रतिक्रिया येतात. 'फुकट मिळते ना?' ही एक, आणि 'ते इंजिनिअर लोकांचे काम' ही दुसरी. पहिलीत चुकीचे फारसे नाही, पण ती अपुरी आहे. दुसरी मात्र आपल्याला चांगलीच ओळखीची वाटली पाहिजे. अमुक ज्ञान अमुक लोकांचे, तुम्ही फक्त वापरा, हे आपण हजारो वर्षे ऐकत आलो आहोत.

म्हणून आज एका अगदी रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास मांडायचा आहे. संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्यासाठी आपण पेनड्राइव्हवर जी आयएसओ फाइल लिहितो, ती इन्स्टॉलेशन इमेज. ती कोण बनवते, तिच्यात काय घालायचे हे कोण ठरवते, आणि ती बनवण्याचे कौशल्य का महत्त्वाचे आहे? उदाहरण घेतले आहे डेबियनचे, कारण त्यांचा सगळा कारभार, भांडणांसकट, उघड्यावर चालतो.

आधी महाडची आठवण करून देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चालत जाऊन ओंजळीने पाणी पिईपर्यंत त्या ठरावाला काही अर्थ नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा असाच ठराव आहे. वापरा, वाचा, बदला, वाटा, सगळ्याची परवानगी आहे. पण ते सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर सुरूच झाले नाही, तर ती परवानगी फ्रेम करून भिंतीवर लावायची काय?

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी केली. तेव्हा सिस्टीम टाकायची म्हणजे फ्लॉप्यांची चळत घेऊन बसायचे. एका फ्लॉपीची क्षमता 1.44 एमबी, म्हणजे आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत कर्नल हवा, डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्रॅम हवा, फाइली कॉपी करणारी साधने हवीत. या अडचणीतून ब्रूस पेरेन्स यांनी बिझीबॉक्स लिहिले. अनेक छोटी साधने एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबायची, म्हणजे जागा वाचते. फ्लॉपी गेली, पण तेच बिझीबॉक्स आज कितीतरी राउटरांमध्ये चालते.

पुढे सीडी आली. 1995 साली 'एल टोरिटो' नावाचे तांत्रिक मानक ठरले आणि सीडीवरून थेट बूट करण्याची सोय झाली. आता सीडी विकणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले. इंटरनेट महाग आणि संथ होते, त्यामुळे सर्व्हरवरचे मुक्त सॉफ्टवेअर उतरवून, सीडीवर छापून विकणे हा सरळ धंदा होता. परवाना त्याला पूर्ण मुभा देतो. त्यात वाईट काही नाही.

पण त्याच वर्षी एक घोटाळा झाला. इन्फोमॅजिक नावाच्या सीडी विक्रेत्या कंपनीने आपल्या नोव्हेंबर 1995 च्या पाच सीडींच्या संचात 'डेबियन 1.0' म्हणून जे छापले, ती अर्धवट, काम चालू असलेली आवृत्ती होती. नीट बूट होण्याचीही खात्री नव्हती. डिसेंबरमध्ये डेबियन आणि कंपनी दोघांनी मिळून जाहीर केले की हे खरे 1.0 नव्हे. पण सीडी लोकांच्या हातात पडलेल्या होत्या. शेवटी डेबियनने 1.0 हा आकडाच सोडून दिला. जून 1996 मध्ये आवृत्ती आली ती थेट 1.1, नाव 'बझ'. आजही डेबियनच्या इतिहासात 1.0 नाही.

आम्हाला या प्रसंगात सगळ्यात मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल. डेबियनवाल्यांनी कंपनीला शिव्या घालत बसण्यापेक्षा 'अधिकृत सीडी इमेज' ही कल्पना काढली. म्हणजे संपूर्ण सीडीचा हुबेहूब आराखडा आम्हीच बनवून देतो, तुम्ही तो जसाच्या तसा छापा. तयार होत असलेल्या आवृत्तीला आकड्याऐवजी टोपणनाव देण्याची प्रथाही तेव्हाचीच. ती नावे 'टॉय स्टोरी' चित्रपटातली, कारण पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होते. आपल्या नावावर दुसरा काय छापतो हे दुसऱ्याच्या सद्भावनेवर सोडायचे नाही, ही त्यामागची समज. बाबासाहेबांनी 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत एकामागून एक आपलीच पत्रे का काढली आणि चळवळीचा स्वतःचा छापखाना का उभारला, हे ज्याला कळते त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मधली वर्षे भराभर सांगतो. फ्लॉपीच्या काळातला जुना इन्स्टॉलर 2002 च्या 'वूडी' आवृत्तीपर्यंत ओढला गेला. नवा, सुट्या भागांचा इन्स्टॉलर यायला जून 2005 ची 'सार्ज' उजाडली. 2007 च्या 'एच'मध्ये चित्रमय इन्स्टॉलर आला, आणि हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा नीट उमटत नाहीत. चित्रमय पडदा आला म्हणून फेब्रुवारी 2009 च्या 'लेनी'मध्ये मराठीतून इन्स्टॉल करण्याची सोय होऊ शकली. त्यासाठी कुणीतरी बसून ओळ न् ओळ मराठीत आणली. ज्यांनी आणली त्यांना सलाम.

आता खरी वादाची गोष्ट. वाय-फायच्या चिपला चालण्यासाठी फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. बहुतेक कंपन्या तो वाटू देतात, पण त्याचा सोर्स कोड देत नाहीत. डेबियनच्या 1997 च्या सामाजिक करारानुसार असे सॉफ्टवेअर डेबियनचा भाग नाही, म्हणून अधिकृत इमेजमध्ये ते नसे. फर्मवेअर घातलेली इमेज 'अनधिकृत' म्हणून बाजूला ठेवलेली असायची, आणि नवख्या माणसाला ती सापडणे कठीण. ज्याच्याकडे नेटवर्कची केबल आहे त्याचे अडत नसे. ज्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि मोबाइलचे हॉटस्पॉट एवढेच आहे, तो दारातच अडकायचा. तत्त्व शुद्ध राहिले, पण त्याची किंमत दारातल्याने मोजली.

2022 साली यावर डेबियनच्या सदस्यांनी मतदान केले. इमेज बनवणाऱ्या गटात वर्षानुवर्षे राबणारे स्टीव्ह मॅकइंटायर यांनी हा विषय लावून धरला होता. निर्णय झाला की एकच अधिकृत इमेज असेल आणि गरजेचे फर्मवेअर तिच्यात असेल. पण त्यांनी पळवाट काढली नाही. सामाजिक करारातच तशी दुरुस्ती केली, आणि अशा दुरुस्तीला त्यांच्या घटनेप्रमाणे तीनास एक इतके बहुमत लागते. जून 2023 च्या 'बुकवर्म'पासून हे अमलात आले. आम्ही या निर्णयाच्या बाजूने आहोत. मात्र त्या बंद फर्मवेअरच्या आत काय आहे हे आजही आपल्याला वाचता येत नाही, हेही विसरायला नको.

किल्लीचा प्रश्न आणखी एका ठिकाणी आहे. अलीकडच्या संगणकांत 'सिक्युअर बूट' असते. स्वाक्षरी असलेला बूटलोडरच मशीन चालू देते, आणि बाजारातल्या बहुतेक मशीनमध्ये विश्वासाची किल्ली मायक्रोसॉफ्टची असते. डेबियनने 2019 च्या 'बस्टर'पासून मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेतलेला 'शिम' नावाचा छोटा बूटलोडर वापरून वाट काढली. तुम्ही सिक्युअर बूट बंद करू शकता, स्वतःची किल्लीही नोंदवू शकता, पण ते माहीत असावे लागते. नुसती परवानगी आणि माहिती यांच्यातले हे अंतर कुणाच्या वाट्याला येते, ते आपण जाणतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगालाही आम्ही मोकळे सोडणार नाही. तिथे 'जो काम करतो तो ठरवतो' असे अभिमानाने म्हणतात. ऐकायला छान. पण बिनपगारी काम करायला रिकामी संध्याकाळ लागते, इंग्रजी लागते, घरात स्वतःचे मशीन लागते. ही सगळी भांडवले आपल्या देशात जातीप्रमाणे वाटली गेली आहेत. आरक्षणाच्या वादात 'मेरिट' हा शब्द कसा वापरला जातो हे ज्याने भोगले आहे, त्याने इथेही कान टवकारावेत. पण म्हणून बाहेर बसायचे कारण नाही. तळ्यावर जायचेच आहे.

आणि जाणे आता पूर्वीइतके अवघड नाही. 'लाइव्ह-बिल्ड' नावाचे साधन आहे. एका फोल्डरमध्ये कोणती पॅकेजे हवीत त्यांची साधी यादी लिहायची आणि आज्ञा द्यायची. साधन डेबियनच्या सर्व्हरवरून पॅकेजे आणते, त्यांची एक चालती सिस्टीम उभी करते, ती दाबून एका फाइलीत बसवते, सोबत कर्नल आणि बूटलोडर जोडते आणि शेवटी आयएसओ बनवते. डेबियनचाच कर्नल ठेवला तर स्वाक्षरीही शाबूत राहते. स्वतः कर्नल घडवला तर ती जाते, हे लक्षात ठेवा. तयार इमेजचा चेकसम काढून तो आपल्या किल्लीने सही करून सोबत द्या, म्हणजे मधल्या मध्ये कुणी बदल केला तर कळेल. इन्फोमॅजिकचा प्रसंग आपल्या नावावर घडायला नको.

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आम्ही अशी इमेज बनवली. पहिली बूट झाली, पण मराठी कीबोर्ड यादीत लिहायचाच विसरलो होतो. दुसरीत लिब्रेऑफिस, देवनागरी फॉन्ट, फायरफॉक्स आणि बाबासाहेबांचे लेखन एका फोल्डरमध्ये आहे. 2017 पासून त्यांचे लेखन कॉपीराइटमधून मोकळे झाल्यामुळे ते वाटायला अडचण नाही. पॅकेजांची यादी तीस ओळींची आहे. स्पर्धा परीक्षेचे साहित्य इमेजमध्येच घालावे की वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावे, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. आत घातले तर दर परीक्षेला नवी इमेज बनवावी लागते, आणि ती बनवू शकणारे सध्या आमच्यात दोघेच आहेत.