वसईच्या घंटा आणि भोंग्याची बोली

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीची, या दोन त्यांतल्या प्रसिद्ध. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेली मरियम आहे आणि १७०७ हे साल आहे. आपल्याकडे या घंटांचा इतिहास पराक्रमापाशीच थांबतो. मला त्यापुढचे कुतूहल आहे. प्रार्थना, मयत, संकट हे सारे एकच घंटा सांगत असते. फरक फक्त ठोक्यांच्या चालीत. ती चाल ओळखणारे कान वसईतच राहिले. मेणवलीत तोच नाद देवदर्शनाचा झाला.

भोंग्याचेही असेच आहे. १८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने हे यंत्र सिद्ध केले आणि त्याला 'सायरन' हे नाव दिले. पुढच्या विजेच्या भोंग्यात भोके असलेले चाक तशाच स्थिर कवचात फिरते. भोके जुळली की हवा सुटते, सरकली की अडते. बारा भोकांचे चाक सेकंदाला ४० फेरे घेईल तर ४८० कंपनांचा सूर निघतो. वीज दिली की सूर चढतो, तोडली की उतरतो. हा चढउतार म्हणजे धोका. एकाच पट्टीतला लांब सूर म्हणजे धोका टळला. इतकी साधी बोली, पण १९७१ च्या युद्धातला काळोख अनुभवलेली पिढी सोडली तर ती येते कुणाला? ३० जानेवारीला, जिथे सोय आहे तिथे, अकराच्या मौनाआधी आणि नंतर भोंगा वाजतो. एवढीच काय ती वार्षिक उजळणी. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावात आपल्या जिल्ह्यातले, अणुवीज केंद्राचे तारापूर होते.

नायगावला मात्र आणखी एक पेच आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, आणि वारा त्याला आपल्या दिशेने वळवतो. दुपारचा वारा समुद्राकडून येतो. म्हणजे स्टेशनाजवळ भोंगा बसवला तर पूर्वेच्या मिठागरांपलीकडे तो बरा पोचेल, पश्चिमेच्या कोळीवाड्यात कमी. खाडीतल्या पाणजू बेटाचा विचार तर वेगळाच करावा लागेल: तिथल्या माणसाला नुसते ऐकू येऊन भागत नाही, होडीत बसावे की घरात थांबावे, हेही त्या सुरातून कळावे लागते.