शनिवारची गाडी आणि राजमाचीची वाट

मुंबईतील गिरिभ्रमणाचा इतिहास सांगावयाचा म्हटले की वक्ते बहुधा एव्हरेस्टपासून आरंभ करतात. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग व हिलरी शिखरावर पोचले, पुढल्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली आणि त्याच १९५४ साली आपल्या मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. हा क्रम खरा आहे, आणि त्या वार्तेने तरुण मने पेटली नसतील असे कोण म्हणेल? तथापि हिमालयाची स्वप्ने पाहणे निराळे आणि शनिवारी रात्री दादरला गाडीत बसून रविवारी रात्री चाळीच्या जिन्यात परत येणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीला आगगाडी आणि रविवार, ही दोन साधने लागतात. ती कोणाच्या कष्टाने मिळाली, तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

आगगाडी १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पण सह्याद्री चढावयास तिला आणखी दहा वर्षे लागली. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढ आणि पंचवीस बोगदे, असे भोर घाटाचे ते काम १८६३ मध्ये पुरे झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने नेटाने ठेका सांभाळला. तिचे नाव तरी राहिले. पटकीने आणि तापाने जे हजारो मजूर त्या घाटात गेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हा लोहमार्ग दख्खनचा कापूस बंदराला आणण्यासाठी होता. हौशी भटक्यांचा विचार कंपनीच्या स्वप्नातही नव्हता.

रविवारची कथा तर येथल्याच परळात घडली. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला रविवार साहेबाच्या चर्चच्या पुण्याईने आयता मिळाला. गिरणी कामगाराला तो मागून घ्यावा लागला. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. एवढे साधे मागणे. पण त्याला सहा वर्षे लागली! एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढल्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुटी पक्की झाली. रविवार हा खंडोबाचाही वार. तेव्हा साहेबाचा दिवस आणि मल्हारीचा दिवस एकच ठरला, हाही एक योगच.

आता या दोन्ही साधनांचा उपयोग पाहा. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. संध्याकाळी शिधा बांधावयाचा: तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, विजेरी. मुंबईकराजवळ थंडीचे कपडे असावयाचे कशाला? एक मफलर आणि घरची चादर, एवढ्यावर तो सह्याद्रीतल्या पौषाला तोंड देतो आणि पहाटे शेकोटीला बिलगतो. पण गडावर जावे ते याच दिवसांत. पावसाळ्यात धुके गड गिळून टाकते. चैत्र उजाडला की कातळ तापतो. थंडीत मात्र गवत पिवळे पडून वाट मोकळी होते, टाक्यांत पावसाचे पाणी शिल्लक असते आणि हवा अशी निवळते की वीस मैलांवरचा डोंगर ओळखता यावा.

राजमाची हा यासाठी सोयीचा किल्ला. लोणावळ्याहून गेले तर वाट लांब पण सपाट, कर्जतकडून गेले तर जवळ पण छातीवरची. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मध्ये काळभैरवाचे देऊळ, खाली उधेवाडीची वस्ती. १६५७ मध्ये शिवछत्रपतींनी तो घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी. श्रीवर्धनावरून पहिली नजर जाते ती शिरोट्याच्या धरणावर. येथे थोडे थांबावे. शिरोटा, वळवण आणि लोणावळा या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीज काढली, ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. म्हणजे लालबागेतले साचे ज्या पावसावर फिरत, तो पाऊस या डोंगरावर पडलेला. पुढे मुळशीला धरणाचे काम निघाले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडणार होत्या, आणि त्यासाठीच सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला. धरण झाले, गावे गेली.

माणसांचेही तसेच. आठवडाभर गिरगावातला डबा फोर्टातल्या कचेरीत पोचविणारा डबेवाला बहुधा मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या डोंगराळ तालुक्यांतला. पुणे, सातारा, रत्नागिरी येथील घरे सोडून आलेले कामगार परळ-लालबागच्या खोल्यांत पाळीपाळीने निजत. कारकून रविवारी ज्या डोंगरात हौसेने जाई, तो डोंगर सोडून त्याचा डबेवाला पोटासाठी शहरात आलेला होता. दोघांची गाठ रोज पडे, पण ती कचेरीच्या दारात. उधेवाडीत पिठले-भाकरी पानात पडते तेव्हा रांधणाऱ्या घरातले कोणी ना कोणी मुंबईला असावयाचेच, हे आपण क्वचित विचारतो. विचारावे, फार माहिती मिळते.

उतरताना कर्जतच्या बाजूने यावे. वाटेत कोंडाण्याची लेणी लागतात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणातल्या बंदरांचा माल घाटावर नेणारे तांडे या डोंगरांतून चढत तेव्हाची. तेथे अर्धा तास बसावे, त्याहून अधिक नको. कोंदिवड्याला पोचेतो ऊन कलते, पुढे कर्जत आहे, आणि तेथली गाडी चुकली तर सोमवारी मस्टरवर तांबडी खूण ठरलेली.