मध्यंतराचं कूळ

जत्रेच्या माळावर तंबू पडला की आम्ही पोरं तिकिटाच्या खिडकीकडे जाण्याआधी मागच्या ट्रकजवळ जमायचो. ट्रकच्या हौद्यातच मशीन बसवलेलं असे. मशीन एकच. ऑपरेटर दोन रिळं जोडून एका मोठ्या चाकावर चढवी, वीसेक मिनिटांत चाक रिकामं होई, पडदा पांढराफटक पडे आणि तंबूतला पिवळा बल्ब लागे. कधी मारामारीत अर्धवट उगारलेला हात तसाच राही, कधी गाण्याचं दुसरं कडवं. शिट्ट्या, आरडाओरडा, रडणारी लेकरं. पुढचं चाक चढलं की हात खाली येई.

पण रात्रीतून एकदाच वेगळं काही घडायचं. पडद्यावर 'मध्यंतर' ही अक्षरं उमटत, तोच बल्ब लागे, आणि कुणीच ओरडत नसे. बायका पदर सावरून उठत, शेंगदाणेवाले आत शिरत, आणि जो तो शेजारच्याला विचारू लागे, आता हिचं कसं व्हायचं? एरवी मशीन थांबायचं, मध्यंतराला गोष्ट थांबायची. हा फरक नऊ-दहा वर्षांच्या पोरांनाही कळत होता. पटकथेवरची जाडजूड पुस्तकं मी पुढे वाचली तेव्हा त्यांत हाच फरक शोधत राहिलो, आणि बहुतेकांत तो सापडला नाही.

शब्द आपल्याकडे किती सहज रुळलेला आहे बघा. 'मध्यंतरी तो भेटला होता' असं आपण रोज म्हणतो. मध्यंतरी म्हणजे दोन घटनांच्या मधल्या काळात. त्या काळाचं काय झालं हे सांगायची गरज नसते, तो नुसता गेलेला असतो. नाटक-सिनेमातला मध्यंतर मात्र भरलेला असतो. त्या पंधरा मिनिटांत बघणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट चालूच राहते.

याचं मूळ शोधत गेलं तर पहिल्यांदा भेटतात मेणबत्त्या. ॲरिस्टॉटलने नाटकाला आदि, मध्य आणि अंत असावा म्हटलं, गाठ बांधणं आणि गाठ सोडणं असे कथानकाचे दोन भाग सांगितले. पण अंक मोजले नाहीत. पाच अंकांचा दंडक घातला रोमन कवी होरेसने. तो पाळायचं खरं कारण मात्र पुष्कळदा प्रकाशाचं होतं. लंडनच्या उघड्या ग्लोब नाट्यगृहात दिवसाउजेडी नाटक सलग चाले. १६०८ साली शेक्सपिअरच्या मंडळीकडे ब्लॅकफ्रायर्स हे छपराखालचं नाट्यगृह आलं. तिथे मेणबत्त्यांवर खेळ. वातींची काजळी कापायला खेळ थांबवावाच लागे, आणि तेवढा वेळ वादक वाजवत बसत. अंक संपायचा तो वातीच्या सोयीने. मग लिहिणारे त्या जागेचा उपयोग करू लागले. गोष्टीच्या बांधणीचा इतिहास मला असाच दिसत आला आहे. आधी अडचण येते, अडचणीची सवय होते आणि सवयीची कला होते. शास्त्र सगळ्यांत शेवटी येऊन त्या कलेला नाव देतं.

आपल्याकडचा माझा आवडता दाखला ३१ ऑक्टोबर १८८० चा. पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, आणि मराठी संगीत रंगभूमी त्या रात्रीपासून मोजली जाते. मूळ नाटक सात अंकांचं. त्या रात्री झाले पहिले चार. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. दुर्वासाचा शाप प्रेक्षकाला ठाऊक, तिला ठाऊक नाही. कण्वाचा आश्रम मागे पडतो आणि ती सासरी निघते. तिथे पडदा. लोक त्या गाण्यांसकट आणि त्या शापासकट घरी गेले. कालिदासाच्या सात अंकांचा बरोबर मधला अंक चौथा. तयारी तेवढीच झाली होती म्हणून असेल, पण प्रयोग जिथे थांबला तिथे गोष्टीचा सांधाच होता. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, तेही आधी तीन अंकांपुरतं. पाचांतले तीन. इतका लांब मध्यंतर पुढे कुणी घेतला नसेल.

सिनेमाला मेणबत्तीची अडचण नव्हती, त्याला रिळाची होती. हजार फुटांचं रीळ, फुटाला सोळा चित्रं. मूकपटाच्या संथ गतीने ते पंधरा-सोळा मिनिटं पुरे. बोलपटाची गती सेकंदाला चोवीस चित्रांवर स्थिरावली तेव्हा अकरा मिनिटं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो चार रिळांचा, ३७०० फुटांचा. जोडीला नाच, हास्यप्रवेश आणि कसरती होत्याच. तेव्हा संध्याकाळ भरायला सिनेमा एकटा पुरत नव्हता.

त्याच सुमारास जर्मनीत एक गोष्ट घडली, तिच्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष गेलेलं नाही. तिथे सिनेमाच्या रिळालाच 'आक्ट' म्हणू लागले, म्हणजे अंक. १९२० चा 'डॉ. कॅलिगरी' सहा अंकांचा, १९२२ चा मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' पाच अंकांचा. 'नोस्फेरातू'त पहिला अंक संपल्याची पाटी पडद्यावर येते. ती होरेसच्या दंडकापोटी आली म्हणावं की डब्यातलं रीळ संपलं म्हणून? दोन्ही कारणं तिथे एकजीव झाली आहेत. पुस्तकातला अंक आणि पत्र्याच्या डब्यातला अंक एकच.

मग थिएटरात दोन मशीनं आली. पुढे कॉलेजात असताना तालुक्याच्या एका थिएटरच्या केबिनमध्ये मी ओळखीने बसत असे. भिंतीतल्या चौकोनी भोकातून ऑपरेटर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत उभा राही. रीळ संपत आलं की तिथे क्षणभर एक टिकली चमके. पहिल्या टिकलीला तो दुसऱ्या मशीनची मोटर चालू करी. सातेक सेकंदांनी दुसरी टिकली आली की एका मशीनची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. खाली आठशे माणसं बसलेली, एकालाही पत्ता लागत नसे. मला एकदा कळलं, आणि त्यानंतर कुठलाही सिनेमा बघताना डोळा त्या कोपऱ्यात जाऊ लागला तो आजही जातो.

म्हणजे आता थांबायची गरज उरली नव्हती. अमेरिकेत सिनेमा दीड-पावणेदोन तासांचा झाला आणि सलग चालू लागला. मध्यंतर राहिला तो 'गॉन विथ द विंड' किंवा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' अशा अवाढव्य चित्रपटांपुरता. आपल्याकडे मात्र तो टिकला. सिनेमा लांब होता, त्यात गाणी होती, कँटीनवाल्याचं पोट त्यावर होतं. पण सगळ्यांत मोठं कारण बघणाऱ्याचं होतं. तो नाटकातून आलेला होता. पाच अंकी, मग तीन अंकी, मग दोन अंकी अशी नाटकं आटत गेली, तरी तिसरी घंटा आणि मध्यंतरातला बटाटावडा सुटला नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात वड्याच्या रांगेत उभ्या माणसांचं बोलणं ऐकावं. पहिल्या अंकाची सगळी चिरफाड तिथे होते, आणि उत्तरार्धाला माणसं मत बनवून आत जातात. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांचा आकडा यायचा तो आम्ही पोरं मोठ्याने वाचायचो. सोळा असले की आठावर मध्यंतर, हे गणित तोंडपाठ.

शास्त्र याकडे कसं बघतं? १८६३ साली गुस्टाव फ्राइटाग या जर्मन लेखकाने नाटकाच्या तंत्रावर पुस्तक लिहून पाच अंकांचा पिरॅमिड मांडला. प्रस्तावना, चढण, शिखर, उतार, सर्वनाश. आज लेखनाच्या वर्गांतून हाच पिरॅमिड फळ्यावर काढतात, पण शिखर उजवीकडे, शेवटाजवळ सरकवून. फ्राइटागचं शिखर मधोमध आहे. 'ज्यूलियस सीझर'मध्ये सीझरचा खून तिसऱ्या अंकात होतो, पाचव्यात नाही. उरलेलं नाटक त्या खुनाचा उतार आहे. मध्यंतराच्या सिनेमाचा आकार हाच. शिखर सरकवणाऱ्यांनी फ्राइटागला सलग चालणाऱ्या सिनेमाच्या मापाने कापलं, असं मला वाटतं.

१९७९ मध्ये सिड फील्डचं 'स्क्रीनप्ले' आलं आणि हॉलिवूडचा हिशेब ठरून गेला. पानाला एक मिनिट, एकशेवीस पानं. तीस पानांची मांडणी, साठ पानांचा संघर्ष, तीस पानांची उकल. पहिल्या दोन भागांच्या टोकाला एकेक वळण. यात अडचण एकच, मधली साठ पानं. लिहिणारे त्या वाळवंटात हरवू लागले. मग फील्डनेच पुढच्या पुस्तकात साठाव्या पानावर एक मध्यबिंदू रोवला. १९९९ मध्ये क्रिस्टिन थॉम्पसन या अभ्यासिकेने हॉलिवूडचे अनेक चित्रपट मोजून दाखवलं की त्यांचे भाग तीन नसून साधारण सारख्या लांबीचे चार असतात, आणि अगदी मधोमध गोष्ट कूस बदलते. हे वाचताना मला तंबूतला बल्ब आठवला. त्यांनी मोजमाप करून जी जागा शोधली, तिथे आमच्याकडे दिवे लागत होते.

नाट्यशास्त्राने पाच संधी सांगितल्या आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. संधी म्हणजे सांधा. मधली गर्भसंधी मला नेहमी थक्क करते. तिथे हवं ते हाती येतंसं वाटतं, निसटतं, आणि त्याचा शोध पुन्हा सुरू होतो. कुठल्याही यशस्वी हिंदी सिनेमाच्या मध्यंतराचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही. कुळकथा लिहिताना मोह होतो तो इथेच, भरतमुनींपासून थेट सिनेमाच्या पडद्यापर्यंत वंशवेल काढायचा. तो मी टाळतो. पटकथाकारांनी नाट्यशास्त्र उघडून मध्यंतर लिहिला असं मला दिसत नाही. ते नाटकं बघून, प्रेक्षकांत बसून शिकले. पण सिड फील्डच्या भाषेत जे मला धड सांगता येत नाही ते 'सांधा' या शब्दाने सांगता येतं. सांध्यापाशी हाड तुटत नाही, वळतं.

आणि वळण पुरेसं मोठं असेल तर एका तिकिटात दोन सिनेमे मावतात. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) घ्या. चारही गाणी हैदराबाद येण्याआधी संपून जातात. आधी विहीर, ऊस, झिंगाट; मग पत्र्याची खोली, उधारी, संशय, स्वयंपाक. सलग सिनेमाच्या व्याकरणात असं रूप पालटणं चूक ठरलं असतं. आपल्या प्रेक्षकाला ते चालतं, कारण पिढ्यान् पिढ्या तो मधेच उठून, बाहेर जाऊन, दुसरा माणूस होऊन परत येत आला आहे. राज कपूरने 'संगम' आणि 'मेरा नाम जोकर' या दोन्ही चित्रपटांत दोन-दोन मध्यंतर घेतले. 'जोकर'मध्ये तीन प्रेमं आहेत, म्हणून दोन सांधे. लोकांनी तेव्हा तो नाकारला, पण बांधणी म्हणून ती चोख आहे.

दक्षिणेकडे याला 'इंटरव्हल ब्लॉक' म्हणतात आणि त्याची आखणी शेवटाइतकीच कसून होते. राजामौलींच्या 'आरआरआर'मध्ये (२०२२) गव्हर्नरच्या वाड्यात ट्रकमधून वाघ आणि जनावरं उसळतात, जीवाभावाचे दोन मित्र आग आणि पाणी घेऊन एकमेकांसमोर ठाकतात. गोष्टीतलं गुपित तिथेच फुटतं. उलट किरण रावचा 'धोबी घाट' (२०११) आणि विक्रमादित्य मोटवानेचा 'ट्रॅप्ड' (२०१७) मध्यंतराशिवाय दाखवले गेले. 'ट्रॅप्ड'मध्ये एक माणूस बंद फ्लॅटमध्ये अडकलेला आहे. त्याला तिथे ठेवून आपण पॉपकॉर्न आणायला जाणं त्या गोष्टीला मानवलं नसतं. तो निर्णय मला पटतो. मला खटकतं ते वेगळंच: सलग बघायला बांधलेला परदेशी सिनेमा आपल्या मल्टिप्लेक्सात वाक्याच्या मधोमध तोडतात. तिथे पुन्हा मशीनच थांबतं, गोष्ट नाही.

आता रीळही गेलं. सिनेमा हार्डडिस्कवर येतो, कोपऱ्यातली टिकली नाही, केबिनमध्ये उभं राहायला माणूसही लागत नाही. गेल्या पावसाळ्यात 'आरआरआर' आम्ही घरी टीव्हीवर लावला. वाघ उसळले, दोघं मित्र भिडले, आणि पडद्यावर मध्यंतराची अक्षरं आली. टीव्हीवरच्या सिनेमाला त्यांचा काही उपयोग नव्हता, दोन-चार सेकंदांत ती निघून गेली असती. पण तेवढ्यात आई उठून ओट्याकडे गेलीसुद्धा, चहाचं आधण ठेवायला. मुलाने रिमोट उचलून चित्र थांबवलं. आतून तिने विचारलं, "त्याला आता कळलं ना रे, हा पोलिसांतला आहे ते?"